चावी रोज, पॉलिश कधीच नाही

तू घड्याळ घ्यायचं ठरवलंयस हे ताईने सांगितलं. सांगताना तिचा सूर ‘तुझ्या भाचीला जरा समजव’ असा होता. मी काही समजावणार नाही. स्वतःच्या पगारातून घेतेयस, कर्ज काढत नाहीस, मग घे. फक्त घेण्याआधी काय बघायचं आणि घेतल्यावर कसं वागवायचं ते ऐकून ठेव. यातलं निम्मं तुझ्या आजोबांचं आहे, गिरगावातल्या दुकानात त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून ऐकलेलं. उरलेलं नंतर डोळ्याला भिंग लावून बसल्यावर मला कळत गेलं.

आधी एक महिना तुझ्या बाबांचं एचएमटी जनता वापर. त्यांच्या कपाटात पडून असेल. ऑइलिंग करून मी देतो. एचएमटीने बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीकडून शिकून घड्याळं करायला घेतली. २०१६ च्या जानेवारीत सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, त्याआधी एकेकाळी अर्ध्या देशाच्या लग्नांत आणि निवृत्तीच्या समारंभांत हीच घड्याळं दिली जात होती. जनता हाताने चावी द्यायचं, सतरा ज्वेलचं, साधं आणि प्रामाणिक मशीन आहे. महिनाभर रोज सकाळी त्याला चावी दे. विसरलीस की ते बंद पडेल आणि पुन्हा वेळ लावावी लागेल. दोन-चार मिनिटं पुढेमागेही होईल. याचा तुला कंटाळा आला, तर लाखो रुपयांच्या घड्याळाचाही येईल, कारण आतलं तत्त्व तेच आहे. तसं झालं तर ते पैसे फिरण्यावर खर्च कर आणि ताईला खूश कर.

महाग घड्याळ वेळ अधिक अचूक दाखवतं, ही समजूतही आत्ताच काढून टाक. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तुला हव्या असलेल्या घड्याळाचं चाक सेकंदाला सहा ठोके देतं. शर्यत तिथेच संपली. स्विस क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या मशीनलासुद्धा दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी सूट असते. पण उलट बाजूनेही बघ. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुंडाळलेली एक स्प्रिंग, चार-पाच दातेरी चाकं आणि केसाहून बारीक हेअरस्प्रिंग, एवढ्या सामानावर, वीज नसताना, हात वरखाली होत असताना, सकाळी लोकलच्या गर्दीत आणि रात्री एसीच्या थंडीत, एवढ्या सेकंदांत चार-पाचाचीच चूक होते. पैसे त्या कामाचे पडतात. हे मनाला पटत असेल तरच पुढे जा.

आणि कोणी ‘किती ज्वेल?’ विचारलं तर हस. आतली माणकं कारखान्यात बनवलेली असतात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तशीच बनतायत. चाकांची टोकं टणक, गुळगुळीत दगडात फिरली की झीज कमी होते, म्हणून ती बसवतात. त्यांना सोनाराकडे किंमत नाही. दुकानात दर काही महिन्यांनी एखादं गिऱ्हाईक जुनं घड्याळ घेऊन ‘यातली माणकं काढून द्या’ म्हणत यायचंच.

आता तुझ्या निवडीबद्दल. जेजेर-लकुल्त्रचं रिव्हर्सो म्हणालीस, ते मला मनापासून आवडलं. सगळे ज्याच्यासाठी रांगेत नाव लावून बसतात ते न घेता तू आयताकृती, हाताने चावी द्यायचं घड्याळ निवडलंस. शिवाय त्याचं मूळ आपल्याकडचं आहे. भारतातले ब्रिटिश लष्करी अधिकारी पोलो खेळायचे आणि मॅलेट किंवा चेंडू लागून त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. घड्याळांच्या धंद्यातल्या सेझार द त्रे यांच्या कानावर ही तक्रार इथे असताना गेली. त्यांनी ती झाक-दाविद लकुल्त्र यांच्याकडे नेली आणि रने-आल्फ्रेड शोव्हो या अभियंत्याने आपल्या चौकटीतच सरकून उलटं होणारं घड्याळ आखलं. पेटंटचा अर्ज पॅरिसला ४ मार्च १९३१ रोजी दाखल झाला. गंमत म्हणजे अगदी सुरुवातीच्या रिव्हर्सोत मशीन लकुल्त्रचं नव्हतंच, तावान नावाच्या दुसऱ्या कंपनीकडून घेतलेलं होतं. तबकडीवरच्या नावाला फार भुलायचं नाही, ते यासाठी. पुढे १९७० च्या दशकात सेलवरच्या घड्याळांनी स्वित्झर्लंड गारद केलं, तेव्हा हे मॉडेलही अडगळीत गेलं होतं. इटलीतल्या जॉर्जो कोर्व्हो या विक्रेत्याने कारखान्यात उरलेल्या दोनशे रिकाम्या केस उचलल्या, त्यांत मशीन बसवून घेतली आणि सगळी विकून दाखवली. म्हणून तुला ते आज मिळतंय.

घेताना नवं घ्यायचं तर अधिकृत दुकानातूनच. वॉरंटी कार्डावरचा नंबर आणि मागच्या बाजूला कोरलेला नंबर तुझ्या डोळ्यांनी ताडून बघ. दहा लाखांच्या वर किंमत गेली तर २०२५ च्या एप्रिलपासून एक टक्का टीसीएस घेतात. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तुझ्या खात्यावर जमा दिसतो, तेव्हा पावती जपून ठेव. दुबईहून कोणी ‘आणून देतो’ म्हटलं तर विमानतळावर ड्युटी भरण्याची तयारी त्याचीही हवी आणि तुझीही. ग्रीन चॅनेलमधून मनगटावर घालून सुटायची शूरगिरी नको. उलट तूच परदेशी जाताना हे घड्याळ घालून निघालीस, तर जाण्याआधी कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घे, म्हणजे परतताना ‘हे तिकडे घेतलं का?’ या प्रश्नावर दाखवायला कागद असतो.

जुनं घ्यायचा मोह होईल, आणि तो वाईटही नाही. पण आपल्याकडचा जुना बाजार मी आतून पाहिलेला आहे. फाव्र-ल्यूबाची घड्याळं मुंबईत १८६० च्या दशकापासून येत होती. त्यांची सी-चीफ, सी-किंग मॉडेल आणि एचएमटी एवढी खपली, की त्यांचे सुटे भाग पोतीभर पडलेले असत. मग मशीन एकाचं, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे, आणि तबकडी घासून तिच्यावर पोपटी नाहीतर नारिंगी रंग. लांबून झकास दिसतं. भिंगाखाली धर. अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतात, तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’ वाकडं बसलेलं असतं आणि साठ वर्षांच्या घड्याळाच्या तबकडीवर एक डाग नसतो. म्हातारं घड्याळ म्हातारं दिसायला हवं. केसच्या कडा बघ. रिव्हर्सोच्या वरच्या-खालच्या बाजूंना ज्या समांतर रेषा कोरलेल्या असतात त्या धारदार आहेत का, की वारंवार घासून साबणाच्या वडीसारख्या मऊ झाल्यात? मऊ असतील तर पुढे जा. आणि ‘फर्स्ट कॉपी आहे, कोणाला कळत नाही’ म्हणणाऱ्यापाशी थांबूही नको. तुला कळत असतं ना.

आणलंस की खरं काम सुरू. चावीचं आधी सांगतो.

पूर्ण चावीवर तुझं घड्याळ पावणेदोन दिवस चालेल, पण म्हणून पावणेदोन दिवसांनी चावी द्यायची नाही. रोज सकाळी, शक्यतो एकाच वेळेला दे. स्प्रिंग उलगडत जाते तसा तिचा जोर ओसरतो, आतल्या चाकाचा झोका आखूड होतो आणि चाल बदलते. दर चोवीस तासांनी भरलीस तर स्प्रिंग नेहमी तिच्या चांगल्या ताकदीत काम करते आणि रोजची चूक रोजच्याएवढीच राहते. घड्याळ रोज तीन सेकंद पुढे जात असेल तर ते उत्तम घड्याळ. आज सात पुढे, उद्या पाच मागे, हे वाईट. चावी देताना घड्याळ मनगटावरून काढ. हातात बांधलेलं असताना बोट खालून घालावं लागतं, चावी तिरकी दाबली जाते आणि आतली बारीक दांडी हळूहळू वाकते. मग पावसात तिथूनच दमट हवा शिरते. अंगठा आणि तर्जनीच्या पेरांत धरून सावकाश पुढे फिरव. शेवटाकडे स्प्रिंग बोटाला सांगते, घट्ट लागतं. तिथे थांब. ‘अजून एक फेरा’ नको.

‘चावी जास्त दिली म्हणून बंद पडलं’ असं म्हणत निम्मी गिऱ्हाइकं यायची. तुझे आजोबा ऐकून घ्यायचे आणि मागचं झाकण उघडून दाखवायचे. चावी पूर्ण भरलेली आणि घड्याळ ठप्प, म्हणजे आत तेल सुकून चिकट झालंय किंवा कचरा बसलाय. घड्याळ पूर्ण भरायला भिऊ नको. अर्धवट चावीवर ठेवलेलं घड्याळ उगाच बदनाम होतं.

रात्री ते कसं ठेवतेस यानेही चाल बदलते, आणि हा खेळ मला अजून आवडतो. तबकडी वर करून उताणं ठेवलं की चाक एका टोकावर फिरतं, घर्षण कमी. कडेवर उभं ठेवलं की दोन्ही टोकं बाजूंना टेकतात, घर्षण जास्त. एक आठवडा उताणं ठेव, एक आठवडा चावीची बाजू वर करून ठेव, आणि रोज सकाळी फोनच्या घड्याळाशी ताडून वहीत लिही. दिवसा दोन सेकंद पुढे जाणारं घड्याळ रात्री एका विशिष्ट कुशीवर दोन सेकंद मागे येतं, हे तुला सापडेल. मग ते कारखान्यात न्यायची गरजच नाही, झोपवायची पद्धत तेवढी ठरवायची.

मनगटाबद्दल. तू डाव्या हातात बांगडी घालतेस, ती उजव्या हातात घाल. सोन्याच्या पाटलीचं स्टील काही करत नाही असं वाटतं, पण ती दोघं दिवसभर एकमेकांना घासतात, आणि सोनं मऊ असल्याने नुकसान आधी पाटलीचं होतं. काच नीलमण्याची आहे, सिंथेटिक सॅफायरची. तिला किल्लीने, वाळूने, ओट्याच्या ग्रॅनाइटने ओरखडा जात नाही. ओरखडा काढील ती तुझी साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी. घड्याळ एका हातात, अंगठी दुसऱ्या हातात, आणि काढून ठेवताना एका डबीत कधीच नाही. घालताना पलंगावर किंवा सोफ्यावर बसून घाल. हल्लीच्या व्हिट्रिफाइड फरशीवर हातभर उंचीवरून पडलं तरी फरशी जिंकते. बॅडमिंटन खेळताना, नारळ फोडताना, दिवाळीत भिंतीला खिळे ठोकताना काढून ठेव. हो, घड्याळ उलटं करून पोलो खेळता येतो म्हणून ते आपटावं असं नाही, ती सोय काचेसाठी होती, आतल्या मशीनसाठी नव्हे. उलटं करताना कडेने सरकव, सरकलं की फिरव आणि पुन्हा दाबून टिक् ऐकू येईपर्यंत बसव. चौकटीतल्या खोबणीत शर्टाचे धागे आणि धूळ साठते. महिन्यातून एकदा लहान मुलांच्या मऊ ब्रशने कोरडंच झटक. अडलं तर जोर लावायचा नाही.

पाण्याचा घोळ सगळ्यात मोठा. मागे ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं आणि माणूस पोहायला उतरतो. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतील. गरम पाण्याची आंघोळ तर नकोच. वाफ आणि साबण रबरी सील सैल करतात. मुंबईच्या जुलैत चामड्याच्या पट्ट्याला आठ दिवसांत वास येतो आणि पंधरा दिवसांत बुरशी. तेव्हा जून ते सप्टेंबर कापडी किंवा रबरी पट्टा लाव आणि चामड्याचा कोरड्या कपाटात ठेव. प्लास्टिकच्या बंद पिशवीत कोंडू नकोस. अत्तर आणि डास पळवायचं मलम लावून, वाळू देऊन मगच घड्याळ बांध. रंगपंचमी आणि विसर्जनाला ते घरीच. आणि कधी काचेच्या आतून बाष्प दिसलंच, तर तांदळात पुरणं, उन्हात ठेवणं, केस वाळवायच्या यंत्राने फुंकणं, यातलं काही करू नको. त्याच दिवशी माणसाकडे ने. पोलाद गंजायला आठवडाही लागत नाही, आणि गंजाचा एक कण चाकात गेला की बिल चौपट होतं.

घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरून उघडायला देऊ नकोस. बहुतेक वेळा ते चुंबकाने भारलेलं असतं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि चाल वाढते. पर्सचं चुंबकी बटण, टॅबलेटचं कव्हर, लॅपटॉपची कड, वायरलेस स्पीकर, हल्ली घरभर चुंबक पसरलेत. खात्री करायला साधं होकायंत्र जवळ धर. सुई हलली तर निदान झालं. चुंबक उतरवायचं यंत्र कुठल्याही बऱ्या घड्याळवाल्याकडे असतं, काम अर्ध्या मिनिटाचं. याचे कोणी हजारो रुपये सांगितले तर त्या पायरीवर पुन्हा चढू नको.

ऑइलिंग पाच ते सात वर्षांनी. घड्याळ उत्तम चालत असेल तरी चाल बघून घे, कारण तेल संपल्यावरही ते काही काळ चालतं, तेव्हा धातू धातूवर घासत असतो. खर्च हजारोंच्या घरात जातो. दरमहा थोडी रक्कम आधीपासून बाजूला काढ, नाहीतर माणसं ‘पुढच्या वर्षी’ म्हणत पंधरा वर्षं काढतात. माणूस कसा ओळखायचा? घड्याळ हातात घेतल्यावर तो आधी भिंगातून पाहतो की आधी किंमत सांगतो, ते बघ. त्याच्या टेबलावर धूळ आहे का बघ. मशीनवरच्या स्क्रूंच्या खाचा काम झाल्यावर कुरतडलेल्या दिसल्या तर स्क्रूड्रायव्हर चुकीच्या मापाचा होता. बदललेले जुने भाग परत माग. चांगला कारागीर न मागता पुडीत बांधून देतो.

आणि कंपनीच्या केंद्रात दे की आणखी कुठे, फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिही: पॉलिश करू नये, तबकडी आणि काटे विचारल्याशिवाय बदलू नयेत. पॉलिश म्हणजे स्टील खरवडून काढणं. ओरखडे जातात, त्यांच्याबरोबर घड्याळाचा आकारही जातो. मी या एका बाबतीत हट्टी आहे. लग्नाआधी झळकवून द्या म्हणून हौसेने आणलेली किती घड्याळं आजोबांनी तशीच परत पाठवली, धंदा बुडाला तरी.

गुंतवणुकीचं बोलणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना चहा दे. रोलेक्स, पाटेक यांची मोजकी मॉडेल सोडली तर बहुतेक घड्याळं दुकानाच्या बाहेर पडताच स्वस्त होतात. त्या मोजक्यांचे भावही २०२२ च्या सुरुवातीला गगनाला भिडले आणि मग घसरले. लॉकरमध्ये ठेवायचं असेल तर सोनं घे, ते तिथे सुखात राहतं. घड्याळ तिथे उगाच पडून राहतं, तेल जागच्या जागी वाळतं आणि बघणारं कोणी नसतं. ऑफिसला घाल, बँकेत घाल, भाजी आणायला जातानाही घाल. फोटो आणि नंबर मेलमध्ये ठेव, घराच्या विम्यात नोंद कर, एवढी काळजी पुरे.

एक शेवटचं, घेतेवेळीच ठरवायचं. रिव्हर्सोची मागची बाजू कोरी येते, तिच्यावर कोरून मिळतं. ‘कोरलंस तर विकताना भाव पडेल’ असं तुला दुकानातलाच कोणीतरी सांगेल. नटवर्य पॉल न्यूमन यांच्या रोलेक्स डेटोनावर त्यांच्या पत्नी जोअॅन वुडवर्ड यांनी ‘सांभाळून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते, कारण नवरा शर्यतीत गाड्या पळवायचा. ते घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. तुझं जाणार नाही, कारण तू ते विकणार नाहीस. तेव्हा कोर. देवनागरीत कोरणार असशील तर मजकूर फोनवर टाइप करून पाठवू नको, बाहेरच्या यंत्रांत जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. स्वच्छ अक्षरात कागदावर काढ, त्याचा स्कॅन दे आणि कोरण्याआधी नमुना मागव. तो नमुना मला दाखवल्याशिवाय होकार कळवू नकोस. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तुझा आणि ताईचा मला भरवसा नाही.